कंडी पिकते तेव्हा

या विषयात मराठी भाषेला शब्दांची वाण कधीच पडलेली नाही. कंडी पिकते, वावडी उडते, आवई उठते, हूल उठते. आणि हलक्या कानाच्या माणसाचे कान भरले जातात. एकाच अनुभवाला इतके शब्द असावेत, याचा अर्थ तो अनुभव फार जुना आणि सार्वत्रिक आहे. या शब्दप्रयोगांत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कंडी आपोआप पिकते, वावडी आपोआप उडते. पिकविणारा आणि उडविणारा व्याकरणातही दृष्टीआड राहतो. खोट्या वार्तेचे सारे बळ तिच्या या निनावीपणात आहे.

उदाहरणादाखल एका कचेरीतील प्रसंग घ्यावा. शेजारशेजारच्या टेबलांवर दोन कारकून पंधरा वर्षे काम करीत होते. सणावारी एकमेकांच्या घरी त्यांचे जाणे-येणे होते. मुख्य कारकुनाची जागा रिकामी होण्याचे दिवस जवळ आले आणि ती या दोघांपैकी एकाला मिळणार, अशी चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास पहिल्याने आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवसांची रजा घेतली. दुसरा चहाच्या वेळी सहज बोलून गेला, "चार दिवस होते तरी कोठे हे? आणि त्या ठेकेदाराचे बिलही नेमके याच आठवड्यात मंजूर झाले म्हणे."

या वाक्यात धडधडीत खोटे असे काहीच नव्हते. रजा खरी होती, बिलही खरे होते. खोटेपणा होता तो दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवण्यात, आणि शेवटच्या 'म्हणे'मध्ये. हा इवलासा शब्द मोठा सोयीचा आहे. बोलणाऱ्याला तो बोलल्याचे समाधान देतो आणि बोलल्याच्या जबाबदारीतून मोकळेही करतो. तिसऱ्या दिवशी कचेरीत पक्के ठरले, की गृहस्थ ठेकेदाराच्या खर्चाने महाबळेश्वरला जाऊन आले!

असे का घडते, याचा शोध गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी घेतला. अफवेच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की अफवेचा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो : विषयाचे ऐकणाऱ्याला वाटणारे महत्त्व आणि त्याविषयीच्या माहितीतील संदिग्धता. या दोहोंची बेरीज करावयाची नसून गुणाकार करावयाचा असतो. म्हणजे त्यांतील एक जरी शून्य झाली, तरी अफवेला थारा उरत नाही. एकाने चित्र पाहून दुसऱ्याला त्याचे वर्णन सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे प्रयोग त्यांनी केले. पाच-सहा तोंडे ओलांडेपर्यंत मूळ तपशिलापैकी सुमारे सत्तर टक्के गळून गेलेला असे. जो उरे, तो सांगणाऱ्यांच्या मनातील पूर्वग्रहांच्या साच्यात बसलेला असे. कचेरीत बढतीचे महत्त्व कमी करणे कोणाच्याच हाती नसते. पण संदिग्धता शून्यावर आणणे पुष्कळ वेळा हाती असते.

हे शास्त्र ज्याला माहीत नव्हते, त्या पंचतंत्रकाराला माणूस मात्र पुरता माहीत होता. पंचतंत्राचे पहिले तंत्र 'मित्रभेद' ही एका अर्थी दरबारी कचेरीचीच कथा आहे. पिंगलक नावाचा सिंह राजा. संजीवक नावाचा बैल त्याचा नवा विश्वासू स्नेही. आणि दमनक व करटक हे मागे पडलेले दोन कोल्हे. बैलाला राजाकडे आणले दमनकानेच. पण दोघांची मैत्री जडल्यावर आपली किंमत उरली नाही, हे त्याला सलू लागले. मग त्याने सिंहाला सांगितले, की बैल तुमच्या जिवावर उठला आहे. आणि बैलाला सांगितले, की सिंह तुला मारणार आहे. दुसऱ्याच्या मनातील पाप त्याच्या पवित्र्यावरून ओळखावे, अशा खुणाही त्याने दोघांना सांगून ठेवल्या. दोघे समोरासमोर आले तेव्हा भीतीने ताठरलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगावर त्याच खुणा दिसल्या. झुंज झाली आणि बैल मारला गेला. सिंह पश्चात्तापाने पोळला. दमनकाचे मात्र काही बिघडले नाही.

या कथेत दमनकाचे कपट उघड आहे. त्यावर फार बोलण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो इतर तिघांचा. सिंहाने बैलाला एकदाही विचारले नाही. बैलाने सिंहाला विचारले नाही. आणि करटकाला सर्व ठाऊक होते. त्याने दमनकाला नीतीचा भरपूर उपदेश केला. पण ज्याचा जीव जाणार होता, त्या बैलाला सावध केले नाही. प्रत्येक कचेरीत दमनक एखादाच असतो. करटकांची संख्या नेहमीच मोठी असते.

ही कथा सहाव्या शतकात इराणात जाऊन पेहलवी भाषेत उतरली आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने तिला अरबी रूप दिले. करटक-दमनकांचे 'कलीला व दिमना' झाले. पण अरबी ग्रंथात एक नवे प्रकरण आढळते, आणि ते इब्न अल्-मुकफ्फानेच जोडले असावे, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. त्यात दिमनाची रीतसर चौकशी होते. दिमना मोठा वाक्पटू. तो प्रत्येक आरोप परतवून लावतो. अखेर त्याचे बोलणे चोरून ऐकलेले दोन साक्षीदार पुढे येतात आणि त्याला देहान्त शिक्षा होते. इतके दिवस गप्प का राहिलात, असे विचारल्यावर साक्षीदार सांगतात, की एकट्याच्या साक्षीने काही सिद्ध होत नाही असे वाटले. एक बोलला तेव्हा दुसऱ्याला धीर आला. अफवेच्या बळीला मदत हवी असते ती अशाच पहिल्या माणसाची.

आता त्या कारकुनाकडे वळावे. रजेवरून परतल्यावर ही वार्ता त्याच्या कानी आली. त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. एक, भर कचेरीत आरडाओरड करण्याचा. त्यामुळे ज्यांनी ऐकले नव्हते त्यांनीही ते ऐकले असते. दुसरा, सहकाऱ्याच्या घरच्या चार गोष्टी बाहेर काढण्याचा. त्यामुळे दमनक एकाचे दोन झाले असते. तिसरा मार्ग मौनाचा. सत्य आपोआप बाहेर येते, या श्रद्धेचा. परंतु सत्याला पाय फुटावे लागतात, आणि तोवर बढतीचा निर्णय होऊन गेलेला असतो.

त्याने निराळाच मार्ग धरला. दोघेच असताना तो सहकाऱ्याला म्हणाला, "माझ्याविषयी असे बोलले जाते आणि त्यात तुमचे नाव येते. तुमच्याकडूनच ऐकावे म्हणून विचारतो."

"छे हो, लोक म्हणतात. मी कशाला बोलेन?"

"मग लोकांना एवढे सांगा, की माझा रजेचा अर्ज, दवाखान्याचा कागद आणि त्या बिलाची फाईल, तिन्ही पाहायला मोकळी आहेत."

आवाज चढला नाही की शिवी गेली नाही. पण 'म्हणे'च्या मागे लपण्याची जागा उरली नाही. त्याच दिवशी त्याने वरिष्ठांना एक पानभर लेखी निवेदन दिले. बिल कधी आले, कोणाकोणाच्या हातून गेले, मंजुरी कोणी व कोणत्या तारखेला दिली, एवढेच त्यात होते. सहकाऱ्याविषयी अवाक्षर नव्हते. वरिष्ठांनी नोंदवही मागवून तारखा ताडून पाहिल्या. शेजारच्या टेबलावरच्या एका कनिष्ठ कारकुनानेही, चहाच्या वेळी आपण काय ऐकले ते विचारल्यावर स्पष्ट सांगितले. पुढे जागा सेवाज्येष्ठतेने तिसऱ्याच कोणाला मिळाली. अफवा मेली, पण तिचा वास काही महिने रेंगाळला आणि त्या दोन घरांतील सणावारचे जाणे-येणे कायमचे थांबले. अशा प्रसंगी विजय मिळतो तो एवढाच, आणि तो कमी नसतो.

नियमांचा आधार हवा असेल, तर तोही आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. निनावी तक्रारअर्जांवर कारवाई करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली बजावले. वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित सरकारी कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. त्यामुळे कानात सांगितलेली गोष्ट न कळत कागदावर जाण्याची वाट अरुंद झाली. अब्रुनुकसानीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आला आहे. पण न्यायालयाची पायरी ही शेवटची पायरी होय. खटल्यात वर्षे जातात, आणि जी गोष्ट दहा जणांना ठाऊक होती ती हजारांना ठाऊक होते. वरिष्ठाने नोंदवही मागविण्याची तसदी घेतली, तर बहुतेक कंड्या तेथेच करपतात. कान भरणाऱ्याला कान उघडे मिळतात, म्हणूनच तो भरतो.

शेवटी जबाबदारी येते ती ऐकणाऱ्यावर. खोटी वार्ता सांगणारा एक असतो, पण तिला वाहून नेणारे अनेक असतात, आणि त्यांतील प्रत्येकजण स्वतःला निर्दोष समजतो. 'म्हणे' ऐकताच "कोण म्हणाले?" एवढे विचारणारा एक माणूस बैठकीत असला, तरी पुष्कळदा पुरते. त्या प्रश्नाने व्याकरणातला हरवलेला कर्ता परत येतो. आणि कर्ता समोर आला, की कंडी पिकणे थांबते.