कारंज्याहून नागपूर : आपल्या तिकिटावर
(कारंजा (घाडगे) येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आमच्या आधीच्या वक्त्यांनी शिक्षण आणि संघटन या विषयांवर मोलाचे विचार मांडले. आम्ही मात्र एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहोत. कारंज्याहून निघालेल्या माणसाने नागपुरात फिरावे कसे, एवढाच आमचा विषय. काहींना हसू येईल. परंतु आपल्याच वस्तीतल्या एका मुलाची भरतीची परीक्षा केवळ यापायी हुकली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचे केंद्र अमरावती रोडवर होते. त्याची एस.टी. त्या केंद्रासमोरूनच गेली. तो गणेशपेठेच्या स्थानकावर उतरला, ऑटो केला आणि उलट दिशेने त्याच रस्त्याला लागला. पोहोचला तेव्हा फाटक बंद झाले होते. वर्षभराचा अभ्यास वाया गेला, आणि त्याचे कारण अभ्यासात नव्हते.

आपले गाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. कोंढाळी, बाजारगाव, गोंडखैरी, वाडी करीत गाडी शहरात शिरते. विद्यापीठाचा परिसर आणि रवीनगर चौक याच रस्त्यावर, बर्डीच्या अलीकडे आहेत. तेव्हा ज्याचे काम त्या भागात असेल त्याने चढतानाच कंडक्टरला विचारावे, गाडी तिथे थांबते काय? विचारण्यात कमीपणा कसला? परतताना तर दोनदा विचारावे. विनाथांबा गाडी आपल्या गावी थांबेल असे गृहीत धरू नये. आणखी एक. आपल्या गावाचे नाव सांगताना 'घाडगे' हा शब्द गिळू नका. वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) हे मोठे गाव आहे. गाडीची पाटी वाचताना कंसातले नावही वाचावे.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. एका नातलगाला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात भरती केल्याचा निरोप आला. डबा, चादर घेऊन आम्ही निघालो आणि थेट मेयोत गेलो. सगळे वॉर्ड पालथे घातले, पण रोगी सापडेना. शेवटी एका परिचारिकाताईंनी विचारले, "भाऊ, मेयो म्हणाले की मेडिकल?" रोगी मेडिकलमध्ये होता. दोन्ही दवाखाने सरकारी आणि दोन्ही मोठे, पण शहराच्या दोन वेगळ्या भागांत. मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. त्याच्या जवळ दोसर वैश्य चौक हे मेट्रोचे स्थानक आहे. मेडिकल चौक मात्र मेट्रोच्या दोन्ही मार्गांपासून बाजूला पडतो. तिथे शहर बसने किंवा ऑटोनेच जावे लागते. घरी कागदावर दवाखान्याचे पूर्ण नाव लिहून घेतले असते तर डबा दुपारी निवाला नसता.

नागपूर मोठे शहर आहे हे खरे, पण बाहेरच्या माणसाला ते वाटते तितके पसरलेले नाही. मेट्रोचे दोन मार्ग गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखे आहेत. केशरी मार्ग दक्षिणेच्या खापरीपासून उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जातो, आणि निळसर, ज्याला 'अ‍ॅक्वा' म्हणतात तो, पश्चिमेच्या लोकमान्य नगरपासून पूर्वेच्या प्रजापती नगरपर्यंत. दोन्ही एकमेकांना सीताबर्डीला छेदतात. या सेवेची सुरुवात मार्च २०१९ मध्ये झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याचे उरलेले भाग खुले झाले. म्हणजे ज्याला बर्डी कळली त्याला अर्धे नागपूर कळले. बर्डीच्या स्थानकात गाडी बदलताना घाई करू नये. दोन मार्गांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. मार्गाचा रंग आणि शेवटच्या स्थानकाचे नाव, एवढे दोन वाचले की पुरे. तिकीट मात्र सांभाळून ठेवावे, बाहेर पडतानाही ते लागते.

दीक्षाभूमीला जायचे तर गणेशपेठहून चालत कॉटन मार्केट स्थानक गाठावे, एक स्थानक पुढे बर्डी, तिथून खापरीकडची गाडी आणि राहाटे कॉलनीला उतरावे. पुढे पंधरा-वीस मिनिटे पायी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत तर पायी जाणेच बरे. इंदोऱ्याच्या बुद्धविहारासाठी त्याच मार्गाने उत्तरेकडे इंदोरा चौकापर्यंत जावे. ज्या विद्यार्थ्याला अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय पाहायचे असेल त्याने झिरो माईलला उतरावे. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब ज्या श्याम हॉटेलात उतरले होते, तेही याच बर्डीतले. त्या वेळी लोक आगगाडीने, बैलगाडीने, पायी, जसे जमेल तसे आले होते.

बाबासाहेबांच्या प्रवासाची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. १९०१ मध्ये ते, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावकडे निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुले कोणत्या जातीची हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर! पुढे १९२९ मध्ये, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावरही, चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. टांगा चालविण्याची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेब जखमी झाले. परक्या गावी उतरलेल्या माणसाला वाहन नाकारणे म्हणजे काय, हे त्यावरून समजावे. आज एस.टी.त किंवा मेट्रोत तिकीट काढले की शेजारी कोण बसला हे कोणी विचारू शकत नाही. आम्ही ऑटोवाल्यांच्या विरोधात बोलत नाही, तेही पोटासाठीच राबतात. परंतु ज्याला रस्ता ठाऊक आहे तोच भाडे ठरवून बसू शकतो.

माता-भगिनींना एक विनंती. पोरीला नागपूरचे कॉलेज मिळाले तरी "ती एकटी कशी जाईल" म्हणून तुम्ही तिला घरी बसविता. आपण स्वतः कधी एकट्या गेलात काय? मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले आहे. एकदा तिच्यासोबत जा, स्थानक पाहा, वसतिगृहाचा रस्ता पाहा, परतीची गाडी पाहा. दुसऱ्या वेळी ती रस्ता दाखवील आणि तुम्ही मागे चालाल.

येत्या रविवारी आम्ही दहावी-बारावीच्या मुलामुलींना घेऊन नागपूरला जाणार आहोत. डबा घरचा, तिकीट ज्याचे त्याने स्वतः खिडकीवर जाऊन काढायचे. बर्डीला गाडी बदलताना आम्ही गप्प राहू. रस्ता तुम्ही शोधायचा. सकाळी सात वाजता बसस्थानकावर जमावे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे नावे द्यावीत.

जयभीम!