तेलबियांचे अनुदान आणि आपण कामगार

(कुंभकोणम येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



तंजावूरच्या भोसल्यांमुळे या कावेरीकाठी मराठी बोलणारी घरे आजही आहेत. पण आज आम्ही इतिहासावर नव्हे, तेलावर बोलणार आहोत.

तमिळनाडूत २००७ पासून रेशनवर पामतेल मिळते, २५ रुपये लिटर. गरिबाच्या कढईत तेल पडते, याला आमचा विरोध नाही. मात्र देशात पामतेल येते ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. आणि याच तंजावूर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टई-पेरावुरणी भागातला नारळ उत्पादक, ज्याच्या बागा २०१८च्या गज चक्रीवादळाने आडव्या केल्या, त्याच्या खोबऱ्याला २०२३ मध्ये हमीभावही मिळाला नाही. रेशनवर आमचे खोबरेल तेल द्या, ही येथील नारळ उत्पादकांची मागणी आहे.

आपल्या लातूर-हिंगोलीच्या सोयाबीन उत्पादकाचे दुखणे हेच आहे. २०२३च्या खरिपातील सोयाबीन व कापसासाठी महाराष्ट्र सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले. पैसे खात्यावर पडू लागले सप्टेंबर २०२४च्या अखेरीस, म्हणजे माल विकून कित्येक महिने झाल्यावर, निवडणुकीच्या तोंडावर. हेक्टरी १५ क्विंटल उतारा धरला, तर क्विंटलमागे ३३३ रुपये होतात. त्याच हंगामात नवीन सोयाबीन बाजारात आले. हमीभाव ४,८९२ रुपये, पण अनेक बाजारांत भाव साडेचार हजारांच्याही खाली!

मध्य प्रदेशात २०१७ मध्ये भावांतर योजना आली. हमीभाव आणि बाजारभाव यांतील फरक सरकार देणार होते. फरक सरकार भरणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडले, अशी ओरड शेतकऱ्यांनी केली. सरकार स्वतः खरेदीला उभे राहत नाही, तेव्हा अनुदान शेतकऱ्याच्या नावावर निघते आणि व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जाते.

बंधूंनो, ही पाळी का आली? १९८६ मध्ये तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि देश स्वावलंबनाच्या जवळ पोहोचला. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली. आज निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. कच्च्या तेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झाले, आणि मे २०२५च्या अखेरीस १० टक्क्यांवर आणले गेले. पेरणीच्या तोंडावर असा निर्णय झाला, तर शेतकऱ्याने कोणत्या भरवशावर पेरायचे?

शुल्क उतरवताना नाव घेतले जाते ग्राहकाचे, म्हणजे आपले. आपल्याला सांगतात, शेतकऱ्याला भाव दिला तर तुमचे तेल महागेल. शेतकऱ्याला सांगतात, पगारदारांसाठी तुमचा भाव दाबावा लागतो. आपल्यापैकी कित्येकांचे भाऊ गावी सोयाबीनच पिकवतात. भाऊ स्वस्तात विकतो, आपण महागात घेतो, आणि महागाई भत्ता मागाहून रखडत येतो. मग मधल्या मध्ये मलिदा कोण खातो?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हमीभावाने वेळेवर सरकारी खरेदी झाली पाहिजे. त्या मालाचे तेल गाळून रेशनवर रास्त दरात दिले पाहिजे. आयात शुल्काचे धोरण पेरणीपूर्वी ठरले पाहिजे. अनुदान लागेल तेथे जरूर द्यावे, पण ते भावाची जागा घेऊ शकत नाही.

या मागण्या शेतकऱ्यांइतक्याच आपल्याही आहेत. शाखांनी त्या आपल्या ठरावांत घ्याव्यात, अशी विनंती करून आम्ही थांबतो.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!