श्रीवर्धनची वाडी



मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेच्या आठवणी सकाळपासून सगळेच सांगताहेत, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगताहेत. म्हणून मी एका प्रवासाबद्दल बोलतो. गेल्या ऑक्टोबरात मी श्रीवर्धनला जाऊन आलो.

गावाचं नाव घेतल्याबरोबर तुमच्यातल्या काहींनी मान हलवली. बरोबर. डब्यात जायफळाच्या सालीचं लोणचं आणणारा आपला मित्र. वडील निवृत्त झाले तसा दहावीनंतर तो गावी परतला आणि वाडी बघू लागला. 'स्टेजवर माझं नाव घेशील तर याद राख,' असा दम त्याने दिला आहे, म्हणून घेत नाही.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरलो, माणगाव गेलं, म्हसळा गेलं, आणि मग डोंगरांमधून वळणं घेत रस्ता समुद्राकडे निघाला. पाऊस नुकताच संपला होता. मागे हिरवे डोंगर, पुढे लांबलचक किनारा, आणि या दोहोंच्या मध्ये कौलारू घरं आणि वाड्या. दुपारी गावात इतकी शांतता, की पोफळीची विरी गळून पडली तरी ऐकू येते. इतिहासाच्या सरांना सांगायला हवं, की बाळाजी विश्वनाथांचं स्मारक पाहिलं. १७१३ साली ते पेशवे झाले, हे साल मला आठवलं. परीक्षेत आठवलं नव्हतं, सर.

पण मी स्मारक बघायला गेलो नव्हतो. मी माफी मागायला गेलो होतो.

३ जून २०२० आठवा. आपण सगळे टाळेबंदीत घरात होतो. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. टीव्हीवर आपण पाहिलं. कोणीतरी ग्रुपवर पडलेल्या झाडांचे फोटो टाकले. आपण सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं. तिकडे वीज नव्हती, फोन लागत नव्हते, त्यामुळे त्याचं उत्तर आलं नाही. मग फोन सुरू झाले तरी त्याचं उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी तो ग्रुपमधून बाहेर पडला, आणि आपल्यापैकी कोणी 'का रे?' असं विचारलं नाही. तीन वर्षं मी त्याच्याच बाकावर बसलो होतो. मीसुद्धा विचारलं नाही. आधी वाटलं, त्याला सावरू दे. नंतर इतके दिवस गेले की फोन करायची लाज वाटू लागली.

चार वर्षांनी दारात उभा राहिलो, तर म्हणाला, "ये. वाट चुकलास का?" वहिनींनी कोकम सरबत दिलं. माफीचं वाक्य मी घाटभर पाठ केलं होतं, ते काही बाहेर आलं नाही. तो म्हणाला, "चल, वाडी दाखवतो."

आपल्याला वाटतं, झाड मोडलं तर फुटेल. आंबा फुटतो. माड आणि पोफळ फुटत नाही. त्यांचा वाढणारा कोंब एकच, शेंड्याला. शेंडा मोडला की झाड संपलं. श्रीवर्धनचा रोठा सगळीकडे नावाजलेला. पण ती पोफळ म्हणजे चाळीस फुटांची सडसडीत काठी. एक पडली ती शेजारचीला घेऊन पडली. त्याच्या आजोबांनी लावलेल्या वाडीत चारशेच्या आसपास पोफळी होत्या. संध्याकाळी मोजल्या तेव्हा बत्तीस उभ्या होत्या.

"पहिले आठ दिवस घरातून विहिरीपर्यंत जायला वाट नव्हती," तो म्हणाला. "आणि आकाश एवढं मोठं दिसायला लागलं, की बाबा वाडीत यायचेच बंद झाले." ते पुढच्या वर्षी गेले. आपल्याला हेही माहीत नव्हतं.

सावलीच नव्हती, म्हणून त्याने आधी केळी लावल्या. पोफळीच्या रोपाला लहानपणी ऊन सोसत नाही. राखलेल्या झाडांची सुपारी निवडून रोपं केली. २०२१च्या पावसात ती लावली. आता ती माझ्या खांद्याला लागतात. सुपारी धरायला आणखी चार वर्षं तरी हवीत. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मी खर्च आणि व्याज मोजायला लागलो. तो हसला. "अरे, हा हिशेब आजोबांनी केला असता तर मी काय पाडलं असतं?"

निघताना मी शेवटी म्हणालोच, "फोन करायला हवा होता रे." तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "हो, हवा होता. रागावलो नव्हतो. फोन बघायचो फक्त."

मित्रहो, एवढंच सांगायला उभा राहिलो. तो आज आलेला नाही. सुपारी काढणीचे दिवस आहेत आणि पाडेली मिळाला तो आजचाच. पण त्या बत्तीस झाडांची सुपारी त्याने माझ्याजवळ दिली आहे. पान खाणाऱ्या गुरुजनांना आधी, मग उरली तर आपल्याला, अशी त्याची ताकीद आहे.

माझी एक विनंती. आज घरी गेल्यावर ग्रुपची यादी उघडा. कोण किती दिवस गप्प आहे ते बघा, आणि चित्र न टाकता फोन लावा. उशीर झाला असला तरी लावा. मी चार वर्षं उशिरा गेलो होतो, तरी जेवल्याशिवाय सोडलं नाही.