तक्रार करावी कशी?



‘तक्रारखोर’ हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरतात. त्यातून भोरसारख्या गावात दुकानदार परका नसतो. त्याची आपली ओळख दोन-दोन पिढ्यांची असते. म्हणून महिन्याभरात बंद पडलेला मिक्सर आपण मुकाट्याने माळ्यावर टाकतो आणि राग मात्र घरच्यांवर काढतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटे नाही.

शहरात हा प्रश्न बहुधा मनस्तापापुरता असतो. वेल्ह्याकडे तो पोटाशी येतो. केळदसारख्या डोंगरातल्या गावाहून पाण्याचा पंप दुरुस्तीसाठी नसरापूरला आणायचा, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि भाडे वेगळे पडते. “मेकॅनिक आला नाही, परवा या,” हे उत्तर तीनदा ऐकल्यावर माणूस चौथ्यांदा जात नाही. त्याचे ते न जाणे हाच वाईट विक्रेत्याचा नफा होय.

मग भांडावे काय? मुळीच नाही. भांडण दुकानाच्या पायरीवरच विरते, कागद टिकतो. म्हणून पहिली गोष्ट, पावती घ्यावी. पावती न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. वस्तू दुरुस्तीला ठेवताना तारीख आणि दोष लिहिलेली पोच मागावी. दुसरी गोष्ट, तक्रार लेखी करावी: काय घेतले, केव्हा घेतले, काय बिघडले आणि मला काय हवे, दुरुस्ती, बदली वस्तू की पैसे परत? उत्तराला मुदत घालावी. शिव्याशाप वगळावेत, त्यांनी पत्राचे वजन घटते. एक प्रत विक्रेत्याला, एक कंपनीला आणि एक आपल्यापाशी. बरेचदा एवढ्यावरच काम होते.

न झाले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे वकील लागतोच असे नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावे लागते.

हा अधिकार आपल्याला कोणी आयता दिलेला नाही. 1974 मध्ये याच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, 1986 मध्ये झाला. शेतकऱ्याचे म्हणाल, तर सदोष बियाण्याबद्दल तोही ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले. आपल्या भातखाचरांच्या मुलखात हे प्रत्येक घरी ठाऊक असायला हवे.

कोणी म्हणेल, “अहो, पण रोज तोंड पाहायचे त्या दुकानदाराविरुद्ध लिहायचे कसे?” मी उलट विचारतो, आपण गप्प बसलो तर नुकसान कोणाचे? आपले तर होतेच. शिवाय शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराचेही होते. तो चोख माल ठेवतो, दुरुस्ती वेळेवर करतो, आणि गिऱ्हाईक मात्र दोघांना एकाच मापाने मोजते. नेमकी आणि सभ्य तक्रार त्या भल्या माणसाच्या बाजूची साक्ष आहे. ती द्यायला आपण संकोचू नये.