गोठविलेलें बीज आणि वाहता काळ

पेरणीपर्यंत निवडक बियाणें राखेंत घोळून जपून ठेवण्याची रीत शेतकऱ्यांच्या घरीं जुनीच आहे. स्त्रीबीजाच्या बाबतींतही असें कांहीं करतां येतें, ही गोष्ट मात्र अगदीं अलीकडची. मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित घरांतून आतां तिची कुजबुज ऐकूं येते. या विद्येनें काय साधतें व काय साधत नाहीं, याचा शांतपणें विचार होणें म्हणूनच अगत्याचें आहे.

प्रथम निसर्गाचा हिशेब पाहावा. पुरुषाच्या शरीरांत बीजोत्पत्ति उतारवयापर्यंत चालूं राहते. स्त्रीची सारी शिदोरी मात्र जन्मापूर्वींच बांधून झालेली असते. गर्भावस्थेच्या मध्यास मुलीच्या अंडाशयांत ६० ते ७० लक्ष बीजें असतात. जन्मकाळीं त्यांतील १० ते २० लक्ष उरतात, आणि ती वयांत येतांना ३ ते ४ लक्ष. पुढें आयुष्यभरांत जेमतेम ४०० ते ५०० बीजें परिपक्व होऊन बाहेर पडतात. बाकीचीं आपोआप झिजून जातात. शिवाय बीजाचेंही वय वाढतें. पस्तिशीनंतर त्याचा कस झपाट्यानें उतरतो; गर्भ न राहणें, किंवा राहून न टिकणें, हें अधिकाधिक घडूं लागतें.

मग बीज वेळींच गोठवून कां ठेवूं नये? अडचण होती ती पाण्याची. स्त्रीबीज ही मोठी पेशी. व्यास सुमारें मिलिमीटरचा दहावा हिस्सा, आणि आंत पाणीच पाणी. या पाण्याचें बर्फ होतांना टोकदार स्फटिक बनतात व ते पेशीची नाजुक रचना मोडून टाकतात. इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स या शास्त्रज्ञांनीं ग्लिसरिनच्या साह्यानें कोंबड्याचें शुक्रबीज गोठवून पुन्हा चेतविलें, तें १९४९ सालीं. मानवी स्त्रीबीजाला आणखी ३७ वर्षें लागलीं. १९८६ सालीं ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथें डॉ. क्रिस्टोफर चेन यांनीं गोठविलेल्या बीजापासून गर्भधारणा घडवून आणली. असें बीज शरीराबाहेरच फलित करावें लागतें. आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं शरीराबाहेर फलन होऊन एक बालिका जन्मास आली.

पुढें काचीकरणाची रीत निघाली. बीजांतील पाणी काढून घेऊन, संरक्षक द्रव भरून, तें उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्यें इतक्या त्वरेनें बुडवितात कीं स्फटिक बनण्यास अवकाशच मिळत नाहीं; बीज कांचेसारखें थिजतें. या रीतीचें यश पाहून अमेरिकेंतील प्रजनन-वैद्यांच्या संस्थेनें २०१२ सालीं बीज गोठविण्यावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला. स्त्रीला सुमारें दहा-बारा दिवस संप्रेरकांचीं इंजेक्शनें घ्यावीं लागतात. नंतर भूल देऊन बारीक सुईनें बीजें काढतात. क्वचित् अंडाशय अतिशय सुजून प्रकृतीस धोकाही होतो.

या विद्येचा सर्वांत मोलाचा उपयोग कर्करोगाच्या रुग्णांस आहे. त्या रोगावरील कित्येक औषधें अंडाशयांतील बीजांचाही नाश करतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला रोग झाल्याचें कळतें, तेव्हां घरच्यांना तिच्या प्राणाखेरीज दुसरें कांहीं सुचत नाहीं. आणि अविवाहित मुलीपुढें हा विषय काढावा कसा, म्हणून वडीलधारीं माणसें गप्प राहतात. परंतु प्रश्न विचारण्याची वेळ तीच असते. उपचार दोन आठवडे लांबविणें सुरक्षित आहे कीं नाहीं, तें वैद्य सांगतील. पण विचारलेंच नाहीं, तर ती बरी होऊन घरीं येईल तेव्हां एक वाट कदाचित् कायमची बंद झालेली असेल.

शिक्षण, नोकरी किंवा मनाजोगता जोडीदार न मिळणें, या कारणांनीं बीज गोठविणाऱ्या स्त्रियांची गोष्ट थोडी निराळी. तिशीच्या आरंभीं ठेवलेलें बीज चाळिशींतही तितकेंच तरुण राहतें, हें खरें. परंतु कांहीं बीजें वितळवितांनाच मरतात, कांहीं फलित होत नाहींत, कांहींचा गर्भ रुजत नाहीं. बियाणें शिल्लक आहे म्हणून पीक हातीं आलें, असें कोणी शेतकरी मानीत नाहीं. शिवाय बीज थांबलें तरी शरीर थांबत नाहीं. उतारवयांतील गरोदरपणांत रक्तदाब व मधुमेह यांचा धोका वाढतो. भारतांतील २०२१ च्या कायद्यानेंही या उपचारांसाठीं स्त्रीला ५० वर्षांची मर्यादा घातली आहे.

तेव्हां निर्णय घेणारीनें वैद्यांस स्पष्ट विचारावें: या वयांत किती बीजें मिळतील? येथें गोठविलेल्या बीजांपासून आजवर किती मुलें जन्मलीं? आणि घरच्यांनीं लाज बाळगूं नये, घाईही करूं नये. ज्या शरीरावर सुई चालणार आहे, त्या शरीराच्या स्वामिनीचा शब्द अखेरचा असावा. बाकीच्यांचें काम तिला खरी माहिती मिळवून देण्याचें.