तंजावरचा मराठी दिवाण : राजा सर टी. माधवराव
(वाडी, नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



१८५३च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर लिलावात निघाले. औरस वारस नाही, एवढे निमित्त पुरले. ही जखम नागपूरकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र त्याच सुमारास दक्षिणेत त्रावणकोरवरही तेच संकट घोंगावत होते, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. तेथे वारस होता. पण तिजोरी रिकामी, नोकरांचे पगार थकलेले. कारभार सुधारा, अन्यथा राज्य जाईल, असा इशारा १८५५ मध्ये कंपनी सरकारने दिला. ते राज्य वाचले. ते वाचविणारा पुरुष मराठी होता.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यात झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासला शिक्षण झाल्यावर १८४९ मध्ये माधवराव तेथील राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिशी उलटण्यापूर्वीच दिवाणपदी बसले. मिरी व तंबाखूचे सरकारी मक्ते त्यांनी उठविले. सरकारचे उत्पन्न बुडेल, ही भीती खोटी ठरली. व्यापार वाढला, कर्ज फिटले. १८६५च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या रयतेस मालकी हक्क मिळाला. खालसा करण्यास कारणच उरले नाही!

त्यांची एक बाजू मात्र उणी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. नाडर स्त्रियांच्या ऊरवस्त्राच्या प्रश्नावर दरबाराने १८५९ मध्ये परवानगी दिली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र नेसू नये या अटीवर. जमाखर्चात धाडसी असलेला हा दिवाण रूढीपुढे बिचकला.

इंदूरचा अल्प काळ सोडला, तर त्यांचे दुसरे मोठे कार्य बडोद्याचे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर आला. माधवरावांनी इजारदारांच्या तावडीतून वसुली सोडविली. शिवाय १८८१ मध्ये या तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती ग्रंथरूप झाली. सयाजीरावांचा गौरव करताना या गुरूचे नाव राहून जाते.

जर्मनीत त्याच काळात बिस्मार्क होता. त्याच्या पाठीशी प्रशियाचे सैन्य होते. माधवरावांच्या हाती हिशेबाची वही, आणि उशाशी इंग्रज रेसिडेंट. निवृत्तीनंतर माधवरावांनी आफ्रिकेतील जर्मन वसाहतींवर लेख लिहून बिस्मार्कलाच धाडला, आणि त्याचे आभाराचे उत्तरही आले.

१८९१ मध्ये माधवराव मद्रासला वारले. तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. तिकडे जाणारा मराठी प्रवासी बहुधा तो कोणाचा, हे विचारतही नाही.