जाळणारे हात आणि जपणारे मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आज मी आपणांपुढे रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीविषयी चार शब्द बोलणार आहे. ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. नावातला आकडा आहे तो पुस्तकाचा कागद ज्या उष्णतेला पेट घेतो तिचा.

या कादंबरीतील जगात पुस्तक बाळगणे हा गुन्हा आहे. घरांना आग लागत नाही; म्हणून बंबवाल्यांनी आग विझवावयाची नाही, लावावयाची! तीस वर्षांचा गाय माँटॅग हे काम दहा वर्षे आनंदाने करीत आला आहे. रॉकेलचा वास त्याला अत्तरासारखा वाटतो. असा हा मनुष्य अखेरीस पुस्तके जपणाऱ्यांत जाऊन मिळतो. हा पालट झाला कसा?

पुस्तके वाचून झाला, असे उत्तर कोणीही देईल. मला ते पुरेसे वाटत नाही. त्याचा वरिष्ठ बीटी याने तर पुष्कळ वाचले आहे. पुस्तकांतील उतारे त्याच्या जिभेवर आहेत, आणि तरीही तो पुस्तके जाळतोच. तेव्हा नुसत्या वाचनाने माणूस बदलतो असे नव्हे.

माँटॅगला प्रथम हलविले ते तीन स्त्रियांनी. शेजारची सतरा वर्षांची क्लॅरिस त्याला सहज विचारते, तुम्ही सुखी आहात का? त्याच रात्री त्याची पत्नी मिल्ड्रेड झोपेच्या गोळ्या अतोनात घेऊन निपचित पडलेली त्याला आढळते. दुसऱ्या दिवशी मात्र तिला त्याचे काही आठवत नाही. दिवाणखान्याच्या तीन भिंतींवर चालणाऱ्या चित्रांत ती पुन्हा रमते आणि चौथी भिंत मागते. पुढे एक वृद्धा आपली पुस्तके सोडून घराबाहेर यावयाचे नाकारते आणि आपल्याच हाताने काडी ओढते. ज्यासाठी एक बाई प्राण देते त्यात काहीतरी असलेच पाहिजे, हे त्याच्या मनात रुतून बसते.

परंतु भगिनींनो, मत बदलले म्हणजे स्वभाव बदलला असे नाही. पुस्तकांचा पक्ष घेतल्यावरही माँटॅग काही काळ जाळणाराच राहतो. पत्नीच्या मैत्रिणींना तो दरडावून कविता ऐकवितो; एकीला रडू कोसळते, दुसरी संतापते. वृद्ध प्राध्यापक फेबर कानातल्या यंत्रातून त्याला आवरीत असतो, पण तो ऐकत नाही. बीटीला तर तो जाळूनच टाकतो. मग एका सहकाऱ्याच्या घरात पुस्तके लपवून तो स्वतःच त्याची वर्दी देतो. बाजू बदलली, हत्यार तेच!

खरा पालट नदीपलीकडे होतो. तेथे ग्रेंजर आणि त्याचे सोबती शेकोटीभोवती बसलेले असतात. प्रत्येकाने एकेक ग्रंथ मुखोद्गत केला आहे. विस्तव ऊबही देतो, हे माँटॅग तेथे प्रथमच पाहतो. बायबलातील ‘उपदेशक’ या पुस्तकाचा जो भाग त्याला आठवतो, तोच तेथे त्याची ओळख ठरतो. युद्धात शहर क्षणात नष्ट होते, आणि कोणाला कोणते शब्द उपयोगी पडतील याचा विचार करीत तो चालू लागतो. पूर्वी तो लोकांना गप्प करीत होता, मग त्यांच्यावर ओरडू लागला. आता तो त्यांच्यासाठी काही जपून ठेवतो.

बीटी एक गोष्ट मात्र खरी सांगतो. हे सारे सरकारी हुकमाने सुरू झाले नाही. लोकांनीच वाचणे सोडले. कोणी दुखावू नये म्हणून मजकूर कापीत कापीत काहीच उरले नाही. गंमत पाहा, १९६७ साली या कादंबरीच्या शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत प्रकाशकांनी लेखकाला न कळविताच शब्द गाळले होते!

म्हणून आपल्या घरी एखादे न पटणारे पुस्तक आले, तर ते मिटण्यापूर्वी पुरते वाचावे. सुनेने, मुलीने अडचणीचा प्रश्न विचारला, तर तिला गप्प करू नये. क्लॅरिसने एवढेच केले होते, एक प्रश्न विचारला होता.